माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

काचेच्या पलीकडे एक मुलगी माझी वाक्यं बोलत होती.

पडद्यावर मी होते. माझा चेहरा, माझे ओठ, माझ्या कपाळावरचा घाम. ओठ माझे हलत होते आणि आवाज तिचा येत होता. स्वच्छ, मऊ, इस्त्री केलेला आवाज.

डबिंगला मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच फोन करून विचारलं होतं, माझं डबिंग कधी आहे. सिनेमाच्या ऑफिसातल्या बाईने कामाच्या गडबडीत स्टुडिओचा पत्ता सांगून टाकला. डिलाईल रोडवरनं दादरपर्यंत मी चालत गेले. मुद्दाम चालत. वाटेत वाक्यं घोकायची होती. "आणखी कोणाकोणाला पाणी देऊ?" ण. ण. जीभ वर, टाळ्याला. लोक वळून बघत होते. बघू देत. माझा पहिला सिनेमा होता.

दिग्दर्शकाने मला दारात बघितलं. "अगं, तू इकडे कशी?" बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेला. खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. आवाज चढवून बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. तेच तर.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो बोलला. "तुझं शरीर काय सुंदर बोलतं! पण तू तोंड उघडलंस ना, की सगळं खाली येतं."

खाली म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. करी रोडच्या पुलाखाली, जिथे आमची चाळ आहे, तिथे.

"सिनेमात ती प्राध्यापकाची मुलगी आहे. घरंदाज. प्रेक्षकांना पटायला नको का?"

मी मान हलवली. आत गेलो. पडद्यावर माझी मारामारीची दृश्यं लागली. मी स्वतः केलेली. डमी नाही, दोर नाही. शेवटच्या लाथेला मी ओरडते. तो एक आवाज तरी माझा राहील असं मला वाटलं. ओरडण्याला कुठे ण आणि न असतो?

"हे ओरडणंही हिच्याकडूनच घेऊ," दिग्दर्शक रेकॉर्डिंगवाल्याला बोलला. "मूळचं फार कर्कश आहे. मासळीबाजार वाटतो."

ती मुलगी माइकपुढे ओरडली. तीनदा. तिसरं घेतलं.

बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघून घाबरली. "सॉरी. मला वाटलं तुम्हाला माहितीय." तिचा काय दोष. मी तिला "छान केलंस" बोलले. आणि दिग्दर्शकाला थँक्यू बोलले. हो. थँक्यू. हे लिहिताना अंगाची आग होते, पण बोलले. लपवून काय करू.

आता माझा तो कर्कश आवाज कुठून आला ते सांगते.

माझे पप्पा मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छताखाली धडाधड चालायचे. मिल बंद पडली तेव्हा हातात काही आलं नाही, पण कान गेले होते. पूर्ण नाही. जवळ येऊन मोठ्याने बोललं तर कळायचं. मग ते लालबागला मसाल्याच्या गल्लीत लागले, मिरची-हळद कुटायच्या यंत्रावर. तिथेही तीच धडधड. उरलेलं होतं ते तिथे गेलं.

म्हणून आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात. आई मोठ्याने. मी मोठ्याने. जेवायला बसा, भात वाढू का, शाळेत पहिली आले. सगळं ओरडून. शेजारी बोलायचे, यांच्याकडे रोज भांडण. भांडण नव्हतं. पप्पांशी बोलणं होतं ते.

आठ वर्षांची असताना मला भोईवाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये कराटेला घातलं. आमचे सेन्सेई पोस्टात नोकरीला होते, संध्याकाळी शिकवायचे. कराटेत ठोसा मारताना पोटातून आरोळी काढतात. किआई म्हणतात तिला. बाकीच्या मुली लाजायच्या, चिवचिवायच्या. मी पहिल्याच दिवशी असली ओरडले की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दारात पप्पा उभे होते. कामावरून थेट आलेले, कोपरापर्यंत हळद. ते हसले. दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं मालवणीत बोलले, "ऐकाक इला! माका ऐकाक इला!" त्यांना ऐकू आलं होतं.

त्यानंतर ते रोज यायचे. लाथ कशी मारते, कंबर कशी वळते, यातलं त्यांना काही कळायचं नाही. ते ऐकायला यायचे. दोन हातांच्या अंतरावरून आईने हाक मारली तर कळायचं नाही त्यांना. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून मी कळायची.

मी त्यांच्यासाठी ओरडायची. मेडल बिडल नंतर. जिल्हा, राज्य, मग दिल्लीला राष्ट्रीय. सेन्सेई बोलायचे, तुझी निम्मी लढत तुझ्या आवाजाने जिंकते. समोरची मुलगी अर्धा पाऊल मागे जायची. मला ते अर्धं पाऊल पुरायचं.

दिल्लीच्या स्पर्धेतच दिग्दर्शकाने मला बघितलं. तो आमच्या चाळीत आला, चहा प्यायला, मेडल हातात घेऊन बघितली. आईला बोलला, "मला खरी मुलगी हवी आहे. खोट्या मारामाऱ्यांचा कंटाळा आलाय." आईला खरी हा शब्द फार आवडला. महिनाभर चाळीत सगळ्यांना सांगत होती.

मग मला बोलणं शिकवायला पाठवलं. दादरच्या एक बाई होत्या. दातात पेन्सिल धरून वाचायला लावायच्या. "'ती बोलली' नाही. 'ती म्हणाली.'" "'नाय' नाही. 'नाही.'" "अगं, इतक्या मोठ्याने का? मी समोरच आहे." तीन महिने मी गेले. आवाज खाली आणला. ओठ कमी हलवायला शिकले.

घरी आल्यावर पप्पांना माझं काही कळेना. त्यांचं निम्मं ऐकणं डोळ्यांनी व्हायचं, ओठांवरून. "तू आताशा तोंडातल्या तोंडात बोलतंस गो," ते बोलले. मी चिडले. "पप्पा, असंच बोलतात चांगले लोक." हे मात्र त्यांना बरोबर कळलं. त्यांनी ताट उचलून मोरीत ठेवलं.

पहिले पैसे मिळाले त्यातून मी त्यांना कानाचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी ते स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. "हो कसलो आवाज?" आई बोलली, गॅसचा. त्यांना गॅस पेटलेला ऐकू येतो हेच माहीत नव्हतं. किती वेळ ते त्या निळ्या ज्योतीकडे कान करून उभे होते. मशीनचा त्रासही व्हायचा. डोकं दुखायचं, शिट्टी वाजायची. तरी रोज थोडा थोडा वेळ लावायचे. मी विचारलं तर बोलायचे, "सवय करतंय. थेटरात लेकीचो आवाज ऐकूचो आसा."

त्यांना मी डबिंगचं सांगितलं नाही. आईलाही नाही. आज सांगू, उद्या सांगू करत सिनेमा लागला.

चाळीतले लोक दोन रांगा भरून आले. पप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांच्या आणि आईच्या मधे बसले. अंधार झाला. पडद्यावर मी आले. चाळीने शिट्ट्या मारल्या. माझं पहिलं वाक्य होतं, "आई, मी निघते."

पप्पांचा हात कानाकडे गेला. त्यांनी मशीनचं चाक फिरवलं. दुसरं वाक्य. मशीन काढलं, त्यावर फुंकर घातली, परत लावलं. मी पडद्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. मग मारामारी आली. माझी लाथ. तिची किंकाळी. पप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

इंटरव्हलला दिवे लागले. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, फोटो काढत होते. त्या सगळ्यात पप्पा बोलले, "गो, हो तुजो आवाज नाय."

एक शब्द पुरला असता. नाय. हो पप्पा, माझा नाय. पण आजूबाजूला अख्खी चाळ होती. सगळ्यांना कळलं असतं की हिला घेतली पण हिचं तोंड नको होतं. मी त्यांच्या कानाशी गेले आणि मोठ्याने बोलले, "माझाच आहे पप्पा. थेटरात असाच ऐकू येतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मशीन काढलं. डबीत ठेवलं. डबी शर्टाच्या खिशात.

"मगे माजेच कान गेले," ते बोलले.

उरलेला सिनेमा त्यांनी नुसता बघितला. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा बाजूला बघून तेही वाजवायचे.

सिनेमा चालला. मला दुकानांच्या उद्घाटनांना न्यायला लागले. बरोबर एक जाहिरातवाली मुलगी असायची. गाडीतच सांगायची, "बोलायचं कमी. हसायचं. किक मारायची." मी किक मारायची. लाकडी फळी तुटायची. माइक माझ्यापर्यंत यायचाच नाही, तीच बोलायची माझ्या वतीने. मी कुठेतरी एकदा "नमस्कार, मी डिलाईल रोडवरून आलीय" एवढं बोलले तर पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला बोलली, "अय्या, ही अशी बोलते?" मला ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.

पप्पांनी मशीन परत लावलं नाही. कपाटात डबी पडून होती. लावा ना, मी बोलायची. "कित्याक? त्येचो काय उपेग नाय." भोईवाड्याच्या हॉलवर मी मधूनमधून सरावाला जायची, तिथेही येईनासे झाले. स्वतःच्या कानांवरचा विश्वासच उडाला होता त्यांचा. मी उडवला होता.

एका दुपारी ते मसाल्याच्या यंत्रापाशी छातीला हात लावून खाली बसले. मालकाने टॅक्सीत घालून परळला हॉस्पिटलमध्ये आणलं. डॉक्टर विचारायचे, कुठे दुखतंय? ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचे. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. मग मी कानाशी जाऊन ओरडायची. सिस्टर सांगायच्या, "हळू हो, बाकीचे पेशंट आहेत." बरोबर होतं त्यांचं. पण हळू बोलून माझ्या बापापर्यंत पोचता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आई पायथ्याशी बसली होती. मी वाकले आणि सगळा जीव एकवटून ओरडले. "पप्पा, सिनेमातला आवाज माझा नव्हता! दुसऱ्या मुलीचा होता! तुमचे कान बरोबर होते!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. कुणीतरी बोललं, "अगो, ही ती सिनेमावाली."

अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. पप्पांना आता तेवढंही ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, हसले, मान डोलावली. "हां हां. तू जेवलंस?"

मी घरी पळाले. डबी आणली. सेल संपला होता. परत खाली. दुकान शोधलं, सेल घातला, हॉस्पिटलात येऊन त्यांच्या कानात मशीन बसवलं. तोवर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे मिटलेले. मी परत सगळं बोलले. हळू. मशीन होतं ना. पोचलं की नाही, सांगायला ते जागे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यापर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दुःखात आहे. चौदाव्या दिवशी भांडी पुसताना ती बोलली, "मला पहिल्या वाक्याला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्यांना खोटं सांगितलंस, ते मी ऐकलं. मला वाटलं, तुला आमची लाज वाटते. म्हणून गप्प बसले. पोरीला लाज वाटते तर वाटू दे, मोठी झालीय."

मी सांगायला गेले की हे सिनेमावाल्यांनी केलं, त्यांनी माझा आवाज काढून टाकला, मी काय करणार होते. आईने हातातलं ताट खाली ठेवलं. "त्यांनी सिनेमात काढला. घरात कुणी काढला?"

मी ते ताट उचललं आणि पुसत बसले.

महिनाभराने दिग्दर्शकाचा फोन आला. घरी ये. दादरला, बागेसमोरचं घर. पुस्तकांनी भरलेलं. पप्पांबद्दल तो बोलला, बरंच बोलला, चांगलं बोलला. मग करार काढला.

"या वेळी तुझीच गोष्ट आहे. चाळीतली मुलगी. भाषासुद्धा तुमचीच."

मी खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आवाज माझा?"

त्याने चष्मा काढून पुसला. "हे बघ, तुमची भाषा पडद्यावर जशीच्या तशी चालत नाही. जरा गोड करून घ्यावी लागते. मागची मुलगी आहे ना, ती चाळीतल्या बायकांची नक्कल फार छान करते."

मी ऐकलं. नीट ऐकलं. प्राध्यापकाची मुलगी व्हायला मी कमी पडले होते, ते मी गिळलं होतं. आता चाळीतली मुलगी व्हायलाही मी कमी पडत होते. माझी नक्कल माझ्यापेक्षा बरी होती.

"मी नाही करणार," मी बोलले.

"घाई करू नकोस. तुझ्यासारख्या मुलींना अशी संधी दोनदा मिळत नाही."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

"गैरसमज करून घेतेस तू. आणि जरा हळू बोल."

"नाय बोलणार हळू. तुमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून तुम्ही हळू बोलता. आमच्याकडे नव्हतं येत. ओरडून बोललो म्हणून एकमेकांना कळलो आम्ही. ते तुम्हाला मासळीबाजार वाटलं. मी थँक्यू बोलले तुम्हाला. ते थँक्यू मी परत घेतेय."

आतल्या खोलीतून त्याच्या आईने विचारलं, "कोण ओरडतंय रे?"

तो काही बोलायच्या आत मी बोलले. "मी ओरडतेय, काकी."

करार टेबलावरच ठेवून मी जिना उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर बागेच्या कठड्यावर बसले आणि रडले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. हे मी सहा महिने आधी, इंटरव्हलला, दिवे लागलेले असताना करायला हवं होतं. ऐकणारा माणूस तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

त्या सिनेमात दुसरी कुणी आली. चालला तोही. मला फोन यायचे कमी झाले, मग जवळजवळ बंद झाले. बाई फार अवघड आहे, असं पसरलं. पसरू दे. गेल्या वर्षी नव्या मुलामुलींनी एक मालिका केली, इंटरनेटवर दाखवतात ती. त्यात दोन भागांत मला रोल होता. मच्छीवालीचा नाही, डॉनच्या बायकोचा नाही. तलाठ्याचा. चौदा वाक्यं. सगळी मी बोलले, जशी मला येतात तशी. आईने मोबाइलवर बघितलं. कौतुक केलं नाही. परत एकदा लाव, एवढंच बोलली.

मला कुणी विचारतं, तू दिग्दर्शकाला माफ केलंस का. नाही केलं. तो अजून मुलाखतीत सांगतो की मी गिरणगावातून हिरा शोधून आणला. हिऱ्याला तोंड नसतं, म्हणून त्याला आवडतो. आणि मी स्वतःलाही माफ केलेलं नाही. करायचंही नाही. 'माझाच आहे पप्पा' या एका वाक्याची जखम भरली तर मी परत गोड बोलायला लागेन, याची मला भीती आहे.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या निर्मात्याच्या ऑफिसातून फोन आला. मुख्य भूमिका. तिथल्या बाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी सहज विचारलं, "आवाज आम्ही दुसरीचा वापरला तर चालेल ना?"

"नाही चालणार."

"दोन दिवस विचार करा. मग सांगा."

"विचार करून झालाय," मी बोलले. "लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी कुणालाही फोन कराल तेव्हा हे पहिल्यांदा विचारा, शेवटी नाही."